स्वस्त रायफल, नीट माउंट: तीन रायफलींच्या कामाच्या नोंदी

६ सप्टेंबर

टेबलावर तीन रायफली. सॅव्हेज अ‍ॅक्सिस .३०८ माझी, रुगर अमेरिकन .३०-०६ तात्यांची आणि एक जुनी पॉइंट टू-टू भाच्याची. तिन्ही स्वस्तातल्या. तिन्हींवर ३-९×४० चे स्कोप (नेमाच्या दुर्बिणी, तीन ते नऊ पट, पुढचं भिंग ४० मिमी) चढवायचे आहेत, स्कोपच्या नळीचा व्यास एक इंच म्हणजे २५.४ मिमी. स्कोप घेऊन झालेत, त्यावर आता वाद नको. ठरायचे आहेत ते माउंट, म्हणजे रायफलीवर बसणारा खाचांचा बेस (एकसंध असला तर रेल) आणि त्यावर स्कोप धरणाऱ्या दोन रिंगा.

तात्यांचं मत तयारच होतं. "अरे, माउंट म्हणजे काय, दोन कड्या. मिळतील त्या बसव आणि मोकळा हो."

त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा कागद पुढे केला. दोन रिंगांमधलं अंतर साधारण १०० मिमी असतं. एक रिंग दुसरीच्या तुलनेत ०.१ मिमी वर-खाली किंवा बाजूला झाली, तर स्कोप एक हजारांश रेडियनने कलतो. १०० मीटरवर तो फरक १० सेमी होतो. छपाईचा साधा कागद जवळपास ०.१ मिमी जाड असतो. म्हणजे एका कागदाइतकी हालचाल झाली की शंभर मीटरवर गोळी अर्धी वीत बाजूला. तीनशेवर ३० सेमी, म्हणजे जनावर जखमी होऊन झाडीत जाणार. तात्यांनी कागद चिमटीत धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि "बरं, मोज मग" म्हणाले.

७ सप्टेंबर

सुरुवात धक्क्यापासून, कारण माउंटला खरं काम तेच असतं. .३०८ ची ९.७ ग्रॅमची गोळी साधारण ८६० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. स्कोपसकट रायफल ३.६ किलो धरली, तर गोळी नळीत असेपर्यंतच रायफल सेकंदाला अडीच-पावणेतीन मीटर वेगाने मागे निघालेली असते, आणि हे सगळं सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास उरकतं. हिशेब केला तर प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पटींच्या पुढे जातो. ४०० ग्रॅमचा स्कोप त्या क्षणी माउंटला सरासरी ८०-९० किलोच्या जोराने ओढतो. हा ढोबळ आकडा आहे आणि कमाल जोर याहून जास्तच असणार.

रायफल मागे जाते, स्कोप जागच्या जागी राहू पाहतो. म्हणजे रेलच्या तुलनेत स्कोपची ओढ पुढच्या बाजूला. म्हणून रिंग रेलवर ठेवली की ती पुढे सरकवायची, तिचा आडवा बोल्ट खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवायचा आणि मग आवळायचं. मध्ये फट ठेवली, तर पहिल्या काही गोळ्यांत रिंग आपली आपण पुढे जाऊन बसते आणि झिरो, म्हणजे ठरलेल्या अंतरावर जुळवलेला नेम, हलतो. मग दोष स्कोपवर येतो.

८ सप्टेंबर

वीव्हर की पिकाटिनी, हा प्रश्न. विल्यम वीव्हर यांनी १९३० साली स्कोपचा धंदा सुरू केला आणि त्यांच्या नावाचा बेस पुढे सगळीकडे पसरला. त्याची खाच ०.१८० इंच रुंद, म्हणजे ४.५७ मिमी. खाचांमधलं अंतर मात्र ठरलेलं नाही, ज्याला जसं सोयीचं तसं. पिकाटिनी हे अमेरिकी लष्कराचं १९९५ चं प्रमाण, मिल-एसटीडी-१९१३. खाच ५.२३ मिमी, दोन खाचांच्या मध्यांमधलं अंतर १०.०१ मिमी, ते कायम तेवढंच. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून घोळ होतो. वीव्हरसाठी केलेली रिंग पिकाटिनी रेलवर बसते, फक्त खाचेत थोडी ढिली राहते आणि वर लिहिलेली पुढे सरकवायची सवय तिथे कामाला येते. उलटं करायला गेलं, तर पिकाटिनी रिंगचा जाड आडवा दांडा वीव्हरच्या खाचेत उतरेलच असं नाही.

निर्णय: दोन्ही मोठ्या रायफलींना पिकाटिनी खाचांचेच बेस. मोजलेल्या अंतरावर रिंग हवी तिथे सरकवता येते, एवढंच कारण.

लगेच रिंगा काढून टाकायच्या लिव्हरवाल्या माउंटवर मी फुली मारली. चांगल्या प्रतीचे असतील तर ते पुन्हा त्याच जागी बसतात, पण त्यासाठी जो पैसा लागतो तो या रायफलींच्या किमतीशी विसंगत आहे. स्वस्तातले लिव्हरवाले म्हणजे ढिलं व्हायला आणखी एक जागा.

१० सप्टेंबर

रुगरने सबंध दुपार घेतली.

तिची अ‍ॅक्शन, म्हणजे काडतूस भरायची-काढायची यंत्रणा, लांब, .३०-०६ ची. बेसच्या स्क्रूंच्या पुढच्या आणि मागच्या भोकांमध्ये अंतर बरंच. तात्यांच्या स्कोपची नळी मात्र आखूड. टरेटच्या (नेम सरकवायच्या फिरकीच्या) घरापासून पुढच्या भोंग्यापर्यंत (पुढच्या भिंगाच्या रुंद तोंडापर्यंत) सरळ नळी ५० मिमीच्या आसपास, मागेही जवळपास तेवढीच. दोन वेगळे बेस लावले, तर मागची रिंग डोळ्याकडच्या फुगीर भागावर येते किंवा पुढची भोंग्याच्या उतारावर चढते. दोन्ही चालत नाही. आणि कसंबसं बसवलंच तर डोळा आणि भिंग यांतलं अंतर जमत नाही. साधारण ९० मिमी हवं. त्याहून भिंग जवळ आलं, तर .३०-०६ च्या धक्क्याला भुवई फुटते.

म्हणजे इथे एकसंध रेलच हवी. एकसंध रेलबद्दलची नेहमीची तक्रार अशी की ती काडतुसं भरायच्या तोंडावरून जाते आणि वरून काडतुसं भरताना बोटं अडतात. ती तक्रार रास्त आहे, पण या रायफलीचं मॅगझिन खालून सुटतं. वरून भरायची वेळ क्वचितच. तेव्हा तो मुद्दा गळाला.

तात्या म्हणाले, "रेलच घ्यायची तर ती उताराची घे, वीस मिनिटांची. लांबचं मारता येईल."

"तात्या, तुम्ही अडीचशे मीटरच्या पुढे मारता का?"

"नाही."

मग कशाला? वीस मिनिटांची रेल, म्हणजे २० एमओए (एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) उताराची, स्कोपला मुद्दाम पुढे झुकवते, जेणेकरून लांबच्या अंतरासाठी वरची फेरी, म्हणजे नेम वर सरकवायची जागा, शिल्लक राहावी. साध्या शिकारी स्कोपमध्ये एकूण फेरी ५० एमओए धरली, तर मध्यापासून खाली २५. त्यातले २० रेलनेच खाल्ले, उरले पाच. रिसीव्हर (रायफलीचा मधला भाग, ज्यावर बेस बसतो) किंवा रिंगांत थोडं उणंअधिक असलं, तर १०० मीटरवर झिरोच होणार नाही. सपाट रेल, शून्य उतार. ठरलं.

११ सप्टेंबर

अ‍ॅक्सिसला दोन वेगळे बेस, पोलादी. तिच्या स्कोपची नळी लांब आहे, अंतर जमतं. पोलाद का, तर धातू सारखे असले की गरम-थंडीत सारखेच फुगतात. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद १२. १०० मिमी लांबीवर तापमान ३० अंशांनी बदललं, तर फरक ३३ मायक्रॉन. एकसंध अ‍ॅल्युमिनियम रेलीत हा ताण स्क्रूंवर जातो, दोन तुकड्यांत जवळजवळ नाहीच. शिकारीच्या रायफलीत याने आभाळ कोसळत नाही, हेही खरं. तात्यांची रेल अ‍ॅल्युमिनियमचीच आहे आणि मला त्याची काळजी नाही.

बेस घेताना मॉडेलचं नाव नव्हे, रिसीव्हरची पाठ बघायची. मागची पाठ गोल की सपाट, पुढच्या आणि मागच्या पाठीची उंची सारखी की वेगळी. रेमिंग्टन ७०० ची मागची पाठ पुढच्यापेक्षा खाली असते, म्हणून तिचे पुढचा-मागचा बेस वेगवेगळ्या उंचीचे येतात. ते अदलाबदल झाले की स्कोप आकाशाकडे नाहीतर पायाकडे बघतो.

१३ सप्टेंबर

रिंगांची उंची. लो, मीडियम, हाय हे शब्द कुठल्याच प्रमाणात नाहीत. एकाचा लो दुसऱ्याचा मीडियम असतो. त्याहून वाईट म्हणजे उंची मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. कुणी रेलच्या माथ्यापासून नळीच्या तळापर्यंत मोजतो, कुणी नळीच्या मध्यापर्यंत. एक इंची नळीत या दोहोंत १२.७ मिमीचा फरक पडतो. आकडा वाचताना आधी तो कुठून कुठे हे बघायचं.

माझा हिशेब असा. पुढच्या भोंग्याचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने ४७.५ मिमी. अर्धा २३.७५. भोंगा जिथे येतो तिथे रायफलीच्या नळीच्या माथ्यापासून रेलच्या माथ्यापर्यंतची उंची १४ मिमी. मध्ये ३ मिमी मोकळीक हवी. २३.७५ अधिक ३ उणे १४, म्हणजे १२.७५. रेलच्या माथ्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंत एवढं असलं तरी भोंगा रायफलीच्या नळीला लागत नाही. पण स्कोपच्या नळीचीच त्रिज्या १२.७ आहे, म्हणजे तिच्याखाली रिंगचं लोखंड मावायला जागाच नाही. थोडक्यात, ४० च्या भोंग्याला या रायफलींवर पुढे अडचण नाही. सर्वांत खालची रिंगही पुरते.

अडचण मागे आहे. अ‍ॅक्सिसचा बोल्ट (रिंगचा नव्हे, काडतूस आत ढकलून बंद करणारा) ९० अंश उचलावा लागतो, त्याचा दांडा डोळ्याकडच्या भागाच्या अगदी जवळून जातो. रुगरचा बोल्ट तीन लगांचा (अडकवणाऱ्या खुंट्यांचा), ७० अंशांत सुटतो, तिथे बोटाला जागा राहते. म्हणून अ‍ॅक्सिसला एक पायरी वरची रिंग, रुगरला खालची. हातमोजे घालूनही बोल्ट ओढून पाहिला. स्कोपची शक्ती फिरवायच्या कड्याला एक उंचवटा असतो, तो खाली आला की दांड्याला घासतो का तेही बघितलं. नऊवर घासत नाही, तीनवर केसभर फट राहते.

यापेक्षा उंच जायचं नाही. स्वस्त रायफलींच्या दस्त्याची गालाची जागा खालीच असते. स्कोप उंच गेला की गाल सुटतो, हनुवटी टेकते आणि डोळा रोज वेगळ्या जागी येतो. परीक्षा सोपी: डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, डोळे उघडायचे. चित्र पूर्ण दिसलं पाहिजे, मान न हलवता.

१५ सप्टेंबर

बेस कोरडे बसवून पाहिले, स्क्रूशिवाय. अ‍ॅक्सिसचे दोन्ही नीट टेकले. रुगरच्या रेलीचे फक्त पुढचे स्क्रू आवळले आणि मागे फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) घातला. ०.१५ मिमीची पाती सरळ आत गेली.

हीच ती जागा, जिथे बहुतेकजण मागचे स्क्रू आवळून मोकळे होतात. आवळले की फट दिसेनाशी होते, पण जाते कुठे? रेल वाकते. रेल वाकली की दोन्ही रिंगांचे अक्ष एका रेषेत राहत नाहीत आणि मग स्कोपची नळी वाकते. नळी वाकली की आतली फिरणारी भिंगं अडतात आणि क्लिक दिल्या तेवढं नेम सरकत नाही.

उपाय स्वस्त आहे. रिसीव्हरच्या मागच्या पाठीला सुटण्यासाठी मेणाचा पातळ थर, भोकांत मेण भरलं. रेलीच्या मागच्या तळाला पोलादाची पूड असलेलं इपॉक्सी. पुढचे स्क्रू आवळलेले, मागचे फक्त लटकते, दाब न देता. बाजूने बाहेर आलेला माल लाकडी काडीने खरवडून काढला. रात्रभर तसंच.

१६ सप्टेंबर

इपॉक्सी दगडासारखं घट्ट. रेल सोडवून पाहिली, मागे गुळगुळीत करडी गादी तयार झालीय, एका टोकाला जाड, दुसरीकडे जवळजवळ पारदर्शक. आता पुढचे स्क्रू आवळून मागे ०.०३ ची पातीही जात नाही.

स्क्रू तपासले. या कामात दोन माप जास्त भेटतात. ६-४८, म्हणजे ३.५ मिमी जाड आणि इंचाला ४८ आटे. आणि ८-४०, ४.१७ मिमी. आटे बारीक, रिसीव्हरची भिंत पातळ, त्यामुळे पकड मोजकीच मिळते. ६-४८ चे पाच पूर्ण वेढे म्हणजे जेमतेम २.६ मिमी. त्याहून कमी वेढे बसत असतील, तर लांब स्क्रू शोधायचा. पण फार लांबही चालत नाही. पुढच्या बेसचा स्क्रू खाली उतरून बोल्टच्या लगांच्या वाटेत येतो किंवा नळीच्या आट्यांवर टेकतो. टेकला की पाना घट्ट लागतो, हाताला वाटतं बेस आवळला, प्रत्यक्षात बेस मोकळाच. म्हणून एकेक स्क्रू आवळायचा आणि दर वेळी बोल्ट पुढे-मागे करायचा. अ‍ॅक्सिसच्या पुढच्या बेसबरोबर आलेला एक स्क्रू असाच लांब निघाला, बोल्ट शेवटच्या टप्प्यात अडखळायला लागला. कानशीने टोकाचा एक आटा घासून घेतला.

भोकांतून तेल पूर्ण काढलं. बेसच्या स्क्रूंना निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या डिंकाचा) एक थेंब. आवळण्याचा जोर: बेसचे ६-४८ स्क्रू २० इंच-पाउंड, म्हणजे सव्वादोन न्यूटन-मीटर.

१८ सप्टेंबर

रिंगा. मी इथे मुद्दाम बर्रिसच्या सिग्नेचर प्रकारच्या रिंगा निवडल्या, आत प्लॅस्टिकच्या गोलाकार गाद्या असणाऱ्या. रिंग किंचित वाकडी असली तरी गादी तिच्या घरात फिरते आणि नळीला सरळ धरते. घासून सारखं करायची, म्हणजे लॅपिंगची, गरज उरत नाही. नळीवर ओरखडे पडत नाहीत. वर त्यात मध्यापासून सरकवलेल्या गाद्याही मिळतात, बेस मुळातच तिरका असेल तर स्कोपची फेरी न खर्चता तो तिरकेपणा काढता येतो. स्वस्त रिसीव्हरवर भोकं नेमकी सरळ रेषेत असतीलच याची खात्री कोण देणार? लॅपिंगचा दांडा विकत घेण्यापेक्षा हे परवडतं.

पोलादी रिंगा घेऊन लॅपिंग करणंही चूक नाही. फक्त त्या रिंगा मग त्या रायफलीच्याच झाल्या, दुसऱ्या रायफलीवर पुन्हा काम.

स्कोप सरळ करताना बाटलीची लेव्हल टरेटच्या टोपीवर ठेवण्यावर माझा विश्वास नाही, टोपी तिरकी असू शकते. रायफल व्हाइसमध्ये रेलीवरून लेव्हल केली, समोर दूर भिंतीवर ओळंबा सोडला आणि स्कोपमधली उभी रेघ दोरीला जुळवली. किती काटेकोर असायला हवं? रायफल ३ अंश कलली, तर .३०८ ला ३०० मीटरवर चारेक सेमी बाजूचा फरक, १०० वर बोटाच्या जाडीपेक्षाही कमी. म्हणजे शिकारीपुरतं डोळ्याला सरळ दिसेल एवढं पुरे, फार जीव काढू नये.

रिंगच्या टोपीचे स्क्रू आडवे-तिडवे, थोडे-थोडे आवळले. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या. १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर. इथे लॉकटाइट नाही. ओलं लॉकटाइट वंगणासारखं वागतं, त्याच आकड्यावर स्क्रू जास्त ताणला जातो आणि नळी चेपते. टॉर्कचा पाना नसेल तर आखूड एलन-की दोन बोटांनी, पूर्ण मुठीने नाही.

भाच्याची पॉइंट टू-टू आजच उरकली. तिला भोकंच नाहीत, रिसीव्हरवर ११ मिमीचा खाचपट्टा. स्वस्तातल्या काही रिंगा ९.५ मिमीच्या पट्ट्यासाठी असतात, त्या ११ वर लावल्या की जबडा कडेवरच चावतो. ११ च्याच घेतल्या. "मामा, हिला मागे थांबवणारी पिन नको का?" पॉइंट टू-टू ला नको. स्प्रिंगच्या एअर रायफलीला मात्र हवी, तिचा धक्का आधी मागे आणि मग पुढे येतो, रिंगा दोन्हीकडे सरकतात.

२१ सप्टेंबर

गोळीबारापूर्वी बोल्ट काढून नळीतून पन्नास मीटरवरचा ठिपका बघितला आणि स्कोप त्यावर आणला. पहिल्या गोळ्या २५ मीटरवर. तिथे पाव एमओएची क्लिक १.८ मिमीच सरकवते, म्हणून आकड्यांनी घाबरायचं नाही. मग १०० वर, जिथे चार क्लिक म्हणजे २.९ सेमी.

अ‍ॅक्सिस पहिल्याच फेरीत घट्ट. रुगरने मात्र गोळ्यांचे दोन वेगळे पुंजके काढले, एक वर डावीकडे, दुसरा मध्यात. तात्यांची नजर लगेच माझ्या रेलीवर.

गोळी घालण्यापूर्वी मी रिंग आणि नळी यांच्या सांध्यावर, तसंच बेस आणि रिसीव्हरच्या सांध्यावर पांढऱ्या पेनाने रेघ ओढून ठेवली होती. रेघा तुटल्या नव्हत्या. माउंट हलला नव्हता. मग दस्ता. स्वस्त रायफलींचा प्लॅस्टिकचा पुढचा भाग हाताने दाबला की वाकतो. दोन पायांच्या स्टँडवर भार पडला की तो नळीला टेकत होता, पोत्यावर ठेवली की सुटत होता. नळी आणि दस्त्यात कागद सरकवून पाहिलं, स्टँडवर असताना तो मध्येच अडला. आधार मॅगझिनच्या जवळ पोत्यावर घेतला, तर एकच पुंजका.

स्कोप बदलायच्या आधी हे सगळं बघायचं: सांध्यांवरच्या रेघा, बेसचे स्क्रू, दस्त्याचे स्क्रू, नळीला कुठे काही टेकतंय का. स्कोपवर संशय सर्वांत शेवटी.

२८ सप्टेंबर

गोळ्या झाल्यावर तिन्ही रायफलींचे स्क्रू पुन्हा पान्याने तपासले. अ‍ॅक्सिसचे बेस जसेच्या तसे. रुगरच्या पुढच्या रिंगचा आडवा बोल्ट किंचित ढिला वाटला, पुन्हा ठरलेल्या जोरावर आणला आणि त्याच्यावर नवी रेघ ओढली. पॉइंट टू-टू ला हात लावायची गरज नव्हती.

तात्यांच्या दस्त्याचा पुढचा भाग आतून घासून नळीला जागा करून देणं बाकी आहे. ते माउंटच्या कामात येत नाही, वेगळ्या वहीत.